विद्यार्थ्याची शंका

विद्यार्थ्याने आधी निमूटपणे शिकावे, शंका मागाहून काढाव्यात, असे पुष्कळ वडीलधारे म्हणतात. मला ते मान्य नाही. १९३० साली चंद्रशेखर नावाचा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाला होता. विझत चाललेल्या ताऱ्यातील इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ पोहोचले, तर पूर्वसूरींचे गणित टिकेल काय, अशी शंका त्याला आली. बोटीवरच त्याने आकडेमोड केली. असा तारा सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून जड असेल, तर त्याला स्वतःचा भार पेलवत नाही, हे पुढे सिद्ध झाले. १९३५ मध्ये एडिंग्टनसारख्या थोर ज्योतिर्विदाने भर सभेत त्याचा उपहास केला. पण थोरपण म्हणजे काही प्रमाण नव्हे! चंद्रशेखरांना नोबेल पारितोषिक मिळाले १९८३ साली; तोवर त्यांनी सत्तरी ओलांडली होती.