थेंब पाजले, मग सुई कशाला?

बाळाला पोलिओचे थेंब पाजले, मग त्याच रोगाची सुई कशाला, असे दादी-नानी आम्हाला विचारतात. प्रश्न रास्त आहे.

पोलिओचे विषाणू तीन प्रकारचे. नेहमीच्या थेंबांतून दुसरा प्रकार एप्रिल 2016 मध्ये वगळला. सुईत तिन्ही आहेत. सुईतला विषाणू मेलेला असतो, तिच्यामुळे पोलिओ होऊच शकत नाही. थेंब आतड्यात पहारा देतात, सुई रक्तात. म्हणून दोन्ही हवेत.

सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते : सहाव्या आठवड्यात, चौदाव्या आठवड्यात आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर. हा तिसरा डोस 2023 पासून आला. त्याआधीच्या मोठ्या भावंडांच्या कार्डावर तो दिसणार नाही. धाकट्याला मात्र हवाच.

सुईची जागा लाल झाली, थोडा ताप आला तर घाबरू नये. साध्या सर्दीसाठी सुई टाळू नये. आधीच्या डोसनंतर अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला असेल, तर नर्सताईंना आधीच सांगावे.

जीवन-मरण अल्लाहच्या हाती. खबरदारी मात्र आपल्यावर सोपवलेली आहे. आजच बाळाचे कार्ड काढून पाहू या. डोस राहिला असेल, तर पहिल्या वाढदिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठू या.