व्हिडिओ लावला म्हणजे पाठ झाला का?



आज माझ्या एका चुकीपासून सुरुवात करतो. मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीच्या जोडवर्गाला शिकवतो. गावानं लोकवर्गणी काढून शाळेला मोठा स्मार्ट टीव्ही घेऊन दिला, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. परिसर अभ्यासातला जलचक्राचा भाग आला. मी पेन ड्राइव्हवर छान रंगीत व्हिडिओ आणला. समुद्र, सूर्य, वर जाणारी वाफ, ढग, पाऊस, सगळं काही त्यात होतं. पोरं तोंड उघडी टाकून बघत होती. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मी मनात म्हटलं, झाला पाठ!

दुसऱ्या दिवशी विचारलं, "ढगात पाणी कुठून येतं?" एकजण ताडकन उठला, "बाष्पीभवन!" शाबासकी दिली. मग सहज पुढं विचारलं, "मग आपली पाटी पुसल्यावर ओली असते आणि थोड्या वेळानं सुकते. ते पाणी कुठं जातं?" तोच मुलगा म्हणाला, "पाटीत जिरतं, गुरुजी." बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

मुलांना शब्द मिळाला होता, पण त्याचा अर्थ मिळाला नव्हता. समुद्राची वाफ पडद्यावर राहिली आणि पाटीचं पाणी पाटीतच जिरलं. हा दोष मुलांचा नव्हता, व्हिडिओचाही नव्हता. व्हिडिओ लावला म्हणजे शिकवून झालं, असं मी धरून चाललो होतो, दोष त्याचा होता.

दुसऱ्यांदा काय केलं

आठवड्याभरानं तोच भाग पुन्हा घेतला. या वेळी टीव्ही आधी लावलाच नाही. दोन पाट्या सारख्याच ओल्या केल्या. एक पंख्याखाली ठेवली, दुसरी डब्यात घालून झाकण लावलं. "आधी कोणती सुकेल? का?" मुलांनी आपापला अंदाज वहीत लिहिला. पंख्याखालची पाटी सुकली, डब्यातली ओलीच राहिली. "जिरतं म्हणता ना, मग डब्यातल्या पाटीत का नाही जिरलं?" आता मात्र वर्गात भांडण सुरू झालं, आणि मला तेच हवं होतं.

मग स्टीलच्या ग्लासात बर्फ टाकला. पावसाळ्याचे दिवस, हवा दमट. थोड्याच वेळात ग्लासाला बाहेरून घाम फुटला. एका मुलीनं ग्लास उचलून बुडाशी बोट फिरवून पाहिलं. म्हणाली, "भोक तर न्हाई. मग पाणी भाईर कसं आलं?"

हा प्रश्न आल्यावर मी टीव्ही लावला. व्हिडिओ तोच, पण या वेळी तीन ठिकाणी थांबवला. वाफ वर निघाली तिथं थांबवून विचारलं, "आपल्याकडं हे कुठं झालं?" उत्तर आलं, "पाटीवर!" ढग तयार झाला तिथं थांबवलं, "आणि हे?" "ग्लासावर!" पाऊस पडला तिथं थांबवून पुढं काय होईल ते मुलांनाच सांगायला लावलं. व्हिडिओ चार-पाच मिनिटांचा, पण तास पूर्ण लागला. तेव्हापासून एक गोष्ट पक्की समजली आहे: मुलांच्या मनात प्रश्न उभा राहिल्यावर पडदा लावायचा. प्रश्नाच्या आधी लावला की तो फक्त करमणूक करतो.

"टीव्ही लावा ना, पोरं गप बसतात"

एका पालकांनी मला अगदी प्रेमानं हे सांगितलं होतं. त्यांचं काही चुकलं नाही. जोडवर्ग, कागदपत्रं, ऑनलाइन माहिती भरणं, या सगळ्या धावपळीत पोरं गप बसली की आपल्यालाही बरंच वाटतं. खोटं कशाला बोलायचं? पण गप बसणं आणि शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहा ते दहा वर्षांचं मूल हातानं करून, तोंडानं बोलून आणि चुकून शिकतं. पडदा त्याच्याकडून या तिन्ही गोष्टी काढून घेऊ शकतो.

मोबाइलवरच्या गणिताच्या खेळांचं बघा. आमच्या वर्गातला एक मुलगा बेरजेच्या खेळात प्रत्येक वेळी पूर्ण चांदण्या मिळवायचा. मी मागं उभं राहून पाहिलं. गडी गणित करतच नव्हता. चार पर्यायांवर एकामागून एक बोट दाबायचा, कुठला तरी बरोबर निघायचाच. वहीवर हातच्याची बेरीज दिली तर पेन्सिल जागची हलेना. त्याला काड्यांचे गठ्ठे दिले, दहा सुट्या काड्यांना रबर लावून एक दशक करायला लावलं, तेव्हा चार-पाच दिवसांत हातचा म्हणजे काय ते त्याला उमगलं. आता तोच खेळ तो सरावासाठी खेळतो आणि खरोखर सोडवून खेळतो. तेव्हा खेळ वाईट नव्हता, त्याचा क्रम चुकला होता.

मग डिजिटल साधनं नकोत का?

हवीत, नक्कीच हवीत. पण फळा, पाटी, काड्या आणि शाळेचं आवार जे दाखवू शकत नाही, त्यासाठी हवीत.

चौथीला आपण शिवछत्रपती शिकवतो. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी सह्याद्री पाहिलेला नाही. आमच्याकडं डोंगर म्हणजे गावामागची टेकडी. "राजगड अवघड होता" हे वाक्य मी कितीही जोर लावून वाचलं, तरी त्यांच्या डोळ्यांपुढं ती टेकडीच येणार. म्हणून एकदा टीव्हीवर उपग्रहाचा नकाशा लावला. आधी आपलं गाव, आपली शाळा, शाळेचं पत्र्याचं छत शोधलं. मग तिथून पश्चिमेला सरकत सरकत राजगडावर गेलो. मध्ये बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी माची. एक मुलगा ओरडला, "गुरुजी, पंखा! तीन पात्यांचा पंखा!" मी आजवर इतकं चांगलं वर्णन केलं नव्हतं. मग प्रश्न सुरू झाले. "शत्रू कुठून चढणार?" "पाणी कुठं साठवत असतील?" हे काम फळ्यावरच्या खडूनं झालं नसतं.

दुसरं उदाहरण तर अगदी फुकटचं आहे. आपल्या साध्या मोबाइलमध्ये आवाज रेकॉर्ड करायची सोय असते. माझ्या वर्गात तिसरीतली एक मुलगी होती. वर्गासमोर वाचायला उभी केली की आवाजच फुटायचा नाही. मी समजत होतो की तिला वाचता येत नाही. एकदा मोबाइल तिच्या हातात देऊन म्हटलं, "तिकडं लिंबाखाली बस आणि वाचून आण." तिनं वाचलं, स्वतः ऐकलं, पुसलं, पुन्हा वाचलं. तिसऱ्या वेळी माझ्याकडं आली. "आता ऐका," म्हणाली. जोडाक्षरावर अडखळलेली जागा तिची तिनंच दुरुस्त केली होती. मी सांगून जे झालं नव्हतं, ते तिनं स्वतःचा आवाज ऐकून केलं. वर्षभर मी त्या लेकराला 'कच्ची' समजत होतो, याचं आजही वाईट वाटतं.

या दोन्ही उदाहरणांमध्ये मुलं नुसती बघत बसलेली नाहीत. एकीकडं ती शोधतात, दुसरीकडं स्वतः काहीतरी तयार करतात. मुलांनी आजीकडून जात्यावरच्या ओव्या किंवा जुन्या गोष्टी रेकॉर्ड करून आणणं, दोन ओळींत आपल्या गावाच्या बाजाराची बातमी सांगणं, रोपाचा रोज एक फोटो काढून पंधरा दिवसांची वाढ बघणं, हे सगळं एका मोबाइलवर होतं. त्याला महागडं पॅनेल लागत नाही.

आधी अडचण, मग साधन

आपल्या राज्यात ही वाट नवी नाही. 22 जून 2015 च्या शासन निर्णयानं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' सुरू झाला आणि त्यानंतरच्या काळात गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढून शाळा डिजिटल केल्या. 2017 मध्ये दीक्षा आलं. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना 2020 चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला, तेव्हा आपल्या सगळ्यांची छाती फुगली होती.

पण त्यांच्या कामातली एक गोष्ट आपण पटकन विसरतो. त्यांनी आधी वर्गातली अडचण पाहिली. मुलींची घरची भाषा कन्नड आणि पुस्तक दुसऱ्या भाषेत. म्हणून त्यांनी पुस्तकाचा मजकूर मुलींच्या भाषेत आणला आणि क्यूआर कोडमधून ध्वनी-चित्रफिती जोडल्या. आपण मात्र अनेकदा उलट करतो. यंत्र आधी येतं, मग त्याच्यावर काय लावायचं ते शोधत बसतो. क्यूआर कोड छापलेला असतो म्हणून स्कॅन करतो. माझ्या कोणत्या मुलाला नेमकं काय कळत नाही, याचं उत्तर माझ्याजवळ नसेल, तर कुठलंही ॲप मला ते देणार नाही.

पालकांशी दोन शब्द

2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि आपण सगळ्यांनी अभ्यास मोबाइलवर ढकलला. दुसरा इलाज नव्हता. तरीही त्या वर्षी केंद्र सरकारच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला 30 ते 45 मिनिटांची दोनच ऑनलाइन सत्रं, त्यापेक्षा जास्त नाहीत, असं म्हटलं होतं. ऐन बंदच्या काळात ही मर्यादा होती. मग शाळा रोज भरत असताना संध्याकाळी पुन्हा तासन्‌तास मोबाइलवर 'अभ्यास' कशासाठी?

मी आता मोबाइलवरचा सक्तीचा गृहपाठ देत नाही. त्याचं कारण एका मुलानं शिकवलं. ग्रुपवर टाकलेला गृहपाठ त्यानं कधीच केलेला नसायचा. मी दोनदा उभं केलं. तिसऱ्यांदा तो खाली बघत म्हणाला, "फोन दादाजवळ असतोय. त्यो कामाला गेल्याव घरी न्हाई." अख्ख्या घरात एक फोन, आणि तो दिवसभर बाहेर. गृहपाठासाठी नव्हे, तर गरिबीसाठी मी त्याला वर्गापुढं उभं केलं होतं. शिक्षक मित्रांनो, आपल्या वर्गातही असं एखादं लेकरू असेल. आधी विचारा, मग रागवा.

पालकहो, तुमच्याकडून मोठं काही नको. मूल अभ्यासाचा व्हिडिओ बघत असेल तर दहा मिनिटं त्याच्याजवळ बसा आणि बघून झाल्यावर एवढंच विचारा, "काय पाहिलंस? मला सांग बरं." तुम्हाला लिहिता-वाचता येत नसलं तरी हे जमतं. मुलाला सांगता आलं नाही तर तो व्हिडिओ नुसता डोळ्यांपुढून गेला असं समजा. आणि जेवताना, झोपताना मोबाइल नको, हा नियम मुलांसाठी करायचा असेल तर तो आपल्यालाही पाळावा लागेल. माझ्या घरी मी आठ दिवसांतच पकडला गेलो.

मी स्वतःला विचारतो ते प्रश्न

टीव्ही किंवा मोबाइल सुरू करण्याआधी मी आता एवढं तपासतो.

1. हे मुलांना प्रत्यक्ष दाखवता येईल का? आवारात झाड असताना पडद्यावर पान कशाला?
2. व्हिडिओ मी स्वतः आधी पूर्ण पाहिला आहे का? त्यातली भाषा माझ्या मुलांना कळेल का?
3. कुठं थांबवायचं आणि काय विचारायचं, हे ठरवलं आहे का?
4. बघून झाल्यावर मुलं हातानं काय करणार आहेत?
5. वीज गेली किंवा रेंज नसली तर माझा पाठ चालेल का? म्हणून लागणारं साहित्य आधीच डाउनलोड करून ठेवतो, आणि काड्या-पाट्या तयार ठेवतो.
6. मुलांचे फोटो, व्हिडिओ काढले तर ते ग्रुपवर टाकण्याआधी पालकांना विचारलं आहे का? आपल्या कौतुकापेक्षा लेकरांची सुरक्षितता मोठी.

काही जण म्हणतील, गुरुजी, एवढा विचार करत बसलो तर अभ्यासक्रम कधी संपणार? मलाही ती भीती होती. पण जलचक्र मला शेवटी दोनदा शिकवावं लागलंच. पहिल्यांदाच नीट शिकवलं असतं तर एक तास वाचला असता.

आमच्या शाळेतला टीव्ही आता रोज चालत नाही. गावातले एक-दोन जण विचारतात, "गुरुजी, बिघडला का?" मी त्यांना वर्गात बोलावतो, मुलांमध्ये बसवतो. मागच्या वेळी आलेल्या एका आजोबांनी बर्फाचा ग्लास हातात घेऊन पाहिला आणि मुलांनाच विचारलं, "ह्ये पाणी आलं कुठनं रं?" आठ-दहा पोरं एकदम सांगायला धावली. 'पाटीत जिरतं' म्हणणारा त्यांत सगळ्यात पुढं होता.

येत्या आठवड्यात एकच करून पाहा. नेहमीचा एखादा व्हिडिओ घ्या, त्याच्या आधी मुलांसमोर एक खरी वस्तू ठेवा, आणि व्हिडिओ मध्येच थांबवून एक प्रश्न विचारा. नंतर मुलं काय बोलतात ते शांतपणे ऐका. पुढचा पाठ कसा घ्यायचा, हे त्या बोलण्यातून कळेल.