खर्चाविना सेवा : एक विचार

कचेरीवर एक पैसाही खर्च न करणारी, केवळ स्वयंसेवकांच्या बळावर चालणारी सेवासंस्था काढावी, असा विचार समाजात वारंवार मांडला जातो. दानातील पै न् पै गरजूच्या हाती पडावी, ही त्यामागील भावना निर्मळ आहे व तिचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. तथापि ‘खर्च नाही’ या शब्दांचा नेमका अर्थ काय, हे संस्था स्थापण्यापूर्वीच ठरविणे आम्हास अगत्याचे वाटते. खर्च कधी नाहीसा होत नसतो. तो कोणाच्या तरी पदरचा जात असतो.

या बाबतीत नेदरलँड्समधील युट्रेख्ट शहराचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथे लोकहितार्थ कार्य करू इच्छिणारे लोक सामान्यतः ‘स्तिख्टिंग’ म्हणजे न्यास स्थापतात. त्याचा दस्तऐवज नोटरीकडून करून घ्यावा लागतो आणि नोंदणी वाणिज्य मंडळाकडे करावी लागते. म्हणजे पहिल्या गरजूच्या ताटात पहिली भाकर पडण्यापूर्वीच दोन ठिकाणी शुल्क भरावे लागते. देणगीदारास करसवलत देणारा ‘आनबी’ दर्जा हवा असेल, तर संस्थेचे किमान ९० टक्के कार्य लोकहिताचे असावे लागते. विश्वस्तांना प्रत्यक्ष खर्चाची भरपाई व बैठकीचा माफक भत्ता यांखेरीज मोबदला घेता येत नाही. २०१४ पासून धोरण, हिशेब व विश्वस्तांची नावे संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली ठेवावी लागतात. इतका कडक असूनही हा कायदा व्यवस्थापनाचा खर्च शून्य असावा असे म्हणत नाही. तो कार्याच्या मानाने वाजवी असावा, एवढीच त्याची अपेक्षा आहे.

याच शहरात २००६ साली आने व मारिके हाइन्सब्रुक या जुळ्या बहिणींनी ‘फोरलेसएक्स्प्रेस’ हा उपक्रम सुरू केला. ज्या घरांतील मुलांना डच भाषा जड जाते, तेथे स्वयंसेवक आठवड्यातून एकदा, सुमारे वीस आठवडे जाऊन गोष्टी वाचून दाखवितो. नव्या देशात नव्या भाषेशी झगडलेल्या आपल्या कुटुंबांना या सेवेचे मोल सांगावयास नको. वाचणारा वेतन घेत नाही. परंतु कोणत्या घरी कोणी जावे हे ठरविणे, नवख्यास शिकविणे व आजारी पडलेल्याच्या जागी दुसरा पाठविणे, ही कामे कोणीतरी नेमाने करावीच लागतात. अन्नपेढ्यांचेही तसेच आहे. नेदरलँड्समधील पहिली अन्नपेढी २००२ साली रॉटरडॅम येथे निघाली. आज युट्रेख्टसह देशभर अशा पेढ्या मुख्यतः स्वयंसेवकांच्या श्रमावर चालतात. दुकानदारांकडे उरलेले अन्न फुकट मिळते; ते आणणाऱ्या गाडीचे इंधन मात्र विकतच घ्यावे लागते.

आमची खरी चिंता येथेच आहे. खर्च हिशेबात न दाखविण्याचा मोह पडला की तो गुपचूप स्वयंसेवकांवर जातो. बसभाडे, दूरध्वनी, घरच्या चुलीवर रांधलेले अन्न यांची नोंद कोठेच राहत नाही. ज्यांना हे परवडत नाही, ते संकोचाने दूर होतात व सेवा सुखवस्तूंची मिरास बनते. अखेरीस सारा भार एका उत्साही व्यक्तीवर येतो, आणि ती थकली की संस्थेच्या दाराला कुलूप लागते.

काही वाचक म्हणतील, खर्चाला एकदा वाट दिली की मागोमाग कचेरी, खुर्च्या आणि पगार येतात. ही भीती अनाठायी नाही. परंतु तिच्यावर उपाय उघड हिशेबाचा आहे. धर्मादाय पैसा दोघांनी गोळा करावा व तिघांनी वाटावा, हा तालमूदाचा दंडक आपणांस ठाऊक आहेच. आपल्या सिनेगॉगांतही मुकादम व गबाय यांनी मानसेवा केली. पण गबायाची वही सर्वांना पाहता येईल, तेव्हाच त्या मानसेवेला मान राहतो.

इस्राएलात १९८० च्या कायद्यान्वये ‘अमुता’ नोंदवून असे कार्य करता येते. ते करू इच्छिणाऱ्या तरुण मंडळींपुढे आम्ही चार सूचना ठेवतो. पहिली, दानाचे व व्यवस्थापनाचे खाते वेगळे असावे. दुसऱ्या खात्यात संस्थापकांनी व त्यासाठीच देणाऱ्यांनी पैसा घालावा, म्हणजे दात्याचे नाणे अखंड पोहोचेल. दुसरी, प्रवासखर्च प्रत्येक स्वयंसेवकास देऊ करावा. ज्यास नको असेल त्याने तो दान म्हणून परत करावा. तिसरी, प्रत्येक कामाची माहिती निदान दोघांना असावी. चौथी, फुकट मिळालेली खोली, गाडी व श्रम यांची नोंद वार्षिक हिशेबात देणाऱ्याच्या नावासह व्हावी.

असे झाले तर ‘आमचा खर्च शून्य’ या घोषणेऐवजी ‘आमचा खर्च इतका, आणि तो यांनी सोसला’ असे संस्थेस ताठ मानेने सांगता येईल. समाजबंधू-भगिनींनी या सूचनांचा साकल्याने विचार करावा आणि सेवेस हात घालण्यापूर्वी हिशेबाची वही उघडावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.