इंग्रजी वाक्याचे सांधे

शालेय भाषाधोरणावरून २०२५ साली महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. पहिलीपासून हिंदी शिकविण्यासंबंधीचे दोन्ही शासननिर्णय २९ जून २०२५ रोजी रद्द करण्यात आले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा झाली. कोणती भाषा आणि कोणत्या इयत्तेपासून, या दोन प्रश्नांचा त्या वादात भरपूर ऊहापोह झाला. भाषा शिकवावयाची कशी, हा तिसरा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारला नाही. इंग्रजीच्या बाबतीत तर तो २००० सालापासूनच अनुत्तरित आहे. त्या वर्षी मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. पूर्वी ते पाचवीपासून असे. चार वर्षे अधिक मिळाली. त्या वर्षांत वाक्य किती पक्के झाले?

प्रस्तुत लेखक इंग्रजीचा अध्यापक नव्हे, अर्थशास्त्राचा आहे. परंतु बारामती-इंदापूर परिसरातील मुलांच्या उत्तरपत्रिका तपासताना या प्रश्नाची गाठ वारंवार पडते. 'किंमत वाढली म्हणून मागणी घटली' हे मागणीच्या नियमाचे साधे विधान. विद्यार्थी इंग्रजीत लिहितो, 'द प्राइस रोज बिकॉज द डिमांड फेल.' शब्द ओळखीचे, क्रियापदे शुद्ध. पण अर्थ असा की मागणी घटल्यामुळे किंमत वाढली! नियम त्याला ठाऊक असतो. तोच प्रश्न मराठीत विचारला की तो बिनचूक सांगतो. परीक्षक मात्र गुण कापतो, आणि समोरच्या कागदापुरते पाहिले तर त्याचेही चुकत नाही.

हा निष्काळजीपणा नव्हे. चुकीला पद्धत आहे आणि ती पद्धत मराठीतून आलेली आहे. 'कालव्याला पाणी आले म्हणून ऊस तगला' असे आपण म्हणतो, तेव्हा कारण आधी येते आणि परिणाम नंतर. 'म्हणून' हे परिणामबोधक अव्यय आहे. इंग्रजीतील 'बिकॉज' कारणबोधक. त्याच्या पाठोपाठ कारण आलेच पाहिजे. मुलाने मराठी वाक्याचा क्रम तसाच ठेवला आणि 'म्हणून'च्या जागी 'बिकॉज' बसविले की ऊस तगल्यामुळे कालव्याला पाणी येते. त्या जागी 'सो' हवे होते. 'बिकॉज'चे नाते आपल्या 'कारण' या शब्दाशी आहे, 'म्हणून'शी नाही.

दुसरी चूक जोडशब्दांची. मराठीत 'जरी' आले की 'तरी' येते, 'जर'ला 'तर' लागते. एका जुवाला दोन बैल असावेत तशी ही रचना. इंग्रजीचे काम एकाच अव्ययावर भागते. म्हणून आपली मुले 'दो' लिहून पुढे 'बट' लिहितात आणि 'बिकॉज'ने आरंभ केलेल्या वाक्यात मध्येच 'सो' घालतात.

तिसरी चूक अधिक महागात पडणारी आहे. 'जोपर्यंत तुम्ही सही करीत नाही, तोपर्यंत कर्ज मिळणार नाही,' या वाक्यात मराठीला दोन नकार लागतात. 'अनलेस' या शब्दात पहिला नकार मुळातच सामावलेला आहे. त्यापुढे विद्यार्थ्याने आणखी एक 'नॉट' लिहिला की सही केल्यास कर्ज मिळणार नाही, असा विपरीत अर्थ होतो. उद्या हाच मुलगा पतसंस्थेत कारकून होईल किंवा औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात नोकरीचा करार वाचील. अटी आणि अपवाद या अव्ययांतच राहतात, हे त्याला तेव्हा कळून उपयोग नाही.

इंग्रजीच्या तासाला मराठी नको, भाषा ऐकूनच येते, असे मानणारा एक पक्ष आहे. घरीदारी इंग्रजी कानांवर पडणाऱ्या मुलांपुरते त्याचे म्हणणे खरे आहे. इंदापूर तालुक्यातील वाडीवस्तीवरच्या मुलाला ती भाषा शाळेच्या एका तासापुरती भेटते. उरलेला दिवस तो मराठीत विचार करतो. ती मराठी वर्गाबाहेर ठेवली तरी त्याच्या वाक्यात शिरतेच. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढीला इंग्रजी बोलताना अडखळावे लागे, हा तिच्यावरील आक्षेप मान्य केला पाहिजे. पण दोन भाषांतील वाक्ये शेजारी ठेवून पाहण्याची जी सवय तिने लावली, ती टाकून देण्याजोगी नव्हती.

तेव्हा उपाय फार दूर शोधावयास नको. उभयान्वयी अव्यये मुले मराठी व्याकरणात शिकतातच. मराठीच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी तो भाग एकाच आठवड्यात घ्यावा. फळ्यावर दोन लहान वाक्ये लिहावीत. त्यांतील कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे मुलांना मराठीत विचारावे आणि मगच ती इंग्रजीत जोडावयास सांगावीत. अव्ययांचे अर्थ पाठ करून घेण्यापेक्षा पाचवी ते सातवी रोज अशी दोन वाक्ये जोडून घेणे अधिक फलदायी ठरेल. यास नवे पुस्तक लागत नाही, नवे अनुदानही नाही. लागते ती दोन शिक्षकांनी शिक्षककक्षात एकत्र बसण्याची तयारी. शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गांत तिला स्थान मिळाले, तर कोणती भाषा कोणत्या इयत्तेपासून या वादाचा निकाल काहीही लागो, मुलाला समजलेली गोष्ट कागदावर उलटी उतरणार नाही.