पावसाआधीची सुई

मृगाचा पहिला पाऊस पडला की मला अजूनही मामांची म्हैस आठवते. सकाळी तिने आंबोण हुंगूनही पाहिले नाही. दुपारी गळ्याखाली सूज आली, ती घोरू लागली आणि दिवेलागणीला गेली. तालुक्याहून पशुवैद्य येईपर्यंत गोठ्यात दावे तेवढे उरले होते. मामी दोन दिवस कुणाशी बोलली नाही. मुलांच्या शाळेची फी त्या म्हशीच्या दुधावर भरली जात असे.

रोगाचे नाव घटसर्प. माणसांच्या घटसर्पाचा जंतू वेगळा. जनावरांच्या या जंतूला शास्त्रज्ञ ‘पाश्चरेला मल्टोसिडा’ म्हणतात, आणि त्या नावात लुई पाश्चर उगाच आलेले नाहीत. प्रयोगशाळेत जंतू दुबळे करून लस बनवता येते, हे त्यांनी १८७९-८० साली प्रथम दाखवले ते कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर. शिळ्या झालेल्या जंतूंनी कोंबड्या मेल्या नाहीत आणि पुढे ताज्या जंतूंनाही त्या पुरून उरल्या. तो कोंबड्यांचा जंतू आणि आमच्या म्हशीचा जंतू, दोघे एकाच जातीचे! सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, तरी तो गोठे रिकामे करतोच आहे.

मग बुळकांडी कशी गेली? २०११ साली ती जगातून संपल्याचे जाहीर झाले. पण बुळकांडी विषाणूची. तिची लस एकदा टोचली की जनावराला जन्मभर पुरे. घटसर्पाचे तसे नाही. धडधाकट दिसणाऱ्या एखाद्या जनावराच्या घशात हा जंतू दडून राहतो आणि पावसाने, उपासमारीने जनावर खचले की डोके वर काढतो. शिवाय लसीचे बळ थोड्या दिवसांचे. तुरटीच्या क्षाराची जोड दिलेली लस चार-सहा महिने टिकते. तेलात घोटलेली वर्षभरापर्यंत पुरते. पण तेल दाट, सुई जाड, टोचल्या जागी गाठ येते आणि दोन दिवस दूध कमी झाले की गवळी पुढच्या खेपेस जनावरच पुढे आणत नाही. त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. मला तो हिशेबी वाटतो, फक्त त्याच्या हिशेबात मेलेली म्हैस धरलेली नसते.

म्हणून ही लस पातळ करण्यासाठी, सुई बारीक करण्यासाठी खपणारे संशोधक मला मोलाचे वाटतात. त्यांच्या कामाला पाश्चरांच्या शोधासारखी कीर्ती नाही. म्यानमारमध्ये तर इंग्लंडमधल्या हरणापासून मिळालेल्या, याच जंतूच्या जवळच्या प्रकाराची जिवंत लस नाकात फवारण्याची वाट चोखाळली गेली. सुईच नाही, तर गाठ कुठली?

आपल्याकडे मात्र सगळा खेळ तारखेचा. लस अंगी लागायला दोन-तीन आठवडे जातात. म्हणून ती मेमध्ये, उन्हाच्या कडाक्यात टोचायची आणि त्याच उन्हातून बर्फाच्या डब्यात वाडीवर न्यायची. ढग गडगडल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. पुढे मामा वळीव पडायच्या आत दवाखान्याच्या दारात उभे राहत. मामी मात्र टोचताना गोठ्यात थांबत नसे. म्हैस ओरडलेली तिला ऐकवत नसे.