लंडन पाहावे, पण कुणाच्या हिशेबाने?

परदेशी मुलाकडे जाऊन आलेल्या आईबापांना आमच्या ढाणकीत पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय काय पाह्यलं?" मुलगा कसा राहतो, सूनबाई कशी आहे, नातू मराठी बोलतो का, हे प्रश्न मागाहून येतात, कधी येतही नाहीत. परतलेला माणूस एकेक नाव घेतो आणि ऐकणारे मनात खूण करीत जातात. राणीचा वाडा झाला, नदीवरचा पूल झाला, मोठे घड्याळ झाले. एखादे नाव राहिले की, "मग लंडनला जाऊन केलं काय?" या एका प्रश्नाच्या धाकाने कितीतरी घरांच्या भेटीगाठी वाया जातात, असे माझे स्पष्ट मत आहे.

आम्ही दोघे लंडनला मुलाकडे गेलो तेव्हा त्याने आठ दिवसांची रजा काढून तासातासाचा कार्यक्रम आखून ठेवला होता. मुलाच्या मायेत काही कमी नव्हते. पण त्या यादीत लंडन होते, आम्ही नव्हतो. टॉवरमध्ये कोहिनूर पाहायला गेलो. राजमुकुटांसमोर सरकता पट्टा आहे. त्यावर उभे राहायचे आणि पाहता पाहता पुढे जायचे. पंढरपुरात "चला, पुढे चला" म्हणायला माणूस तरी असतो, इथे पायाखालची जमीनच ढकलते. मग नदीकाठचे ते १३५ मीटर उंचीचे चाक. पौंड शंभर रुपयांच्या वर गेलेला. सौभाग्यवतींनी तिकिटाचा आकडा मनात गुणला आणि "मला बाई उंचीची भीती वाटते" असे जाहीर केले. उभ्या शिडीने माळवदावर चढून कुरड्या वाळत घालणारी बाई ती! मुलाला वाटले, आईला काही आवडत नाही. आईला वाटले, मुलाचे पैसे वाचले. दोघेही एकमेकांना जपत होते आणि दोघेही हिरमुसले होते.

तिसऱ्या दिवशी मी यादी बाजूला ठेवायला सांगितली आणि म्हटले, "मला बँक ऑफ इंग्लंडचे संग्रहालय दाखव." तिथे प्रवेश-फी नाही. काचेच्या पेटीत सोन्याची एक खरी वीट ठेवलेली आहे. भोकातून हात घालून ती उचलून पाहता येते. वजन सुमारे १३ किलो. माझी सारी नोकरी तालुक्याच्या शाखांत गेली. पेरणीच्या तोंडावर बाया पदराच्या गाठीतून पोत, पाटल्या काढून टेबलावर ठेवायच्या, सराफ वजन करायचा आणि मी तारणाच्या कर्जावर सही करायचो. त्या विटेपुढे उभे राहून मी नातवाला सांगितले की जुलै १९९१ मध्ये आपल्या देशानेही हेच केले होते. परकीय चलन संपत आले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने याच बँकेकडे तारण म्हणून पाठवले. त्यावर सुमारे ४० कोटी डॉलर उभे राहिले. पुढे दिवस पालटले आणि २०२३-२४ मध्ये आपल्या मालकीचे सुमारे १०० टन सोने ब्रिटनमधून भारतातल्या तिजोऱ्यांत आणण्यात आले. आजीने वीट एका हाताने उचलून पाहिली आणि म्हणाली, "गहाण टाकायची लाज नसते बाबा, सोडवून आणायची अक्कल पाहिजे." त्या विटेविषयी याहून नेमके वाक्य मी कुठल्या अर्थतज्ज्ञाकडून ऐकलेले नाही.

दुसऱ्या दिवशी गेलो १०, किंग हेन्रीज रोडला. १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहत होते. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये विकत घेतले. त्या काळात त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर जो प्रबंध लिहिला, तो १९२३ मध्ये ग्रंथरूपाने आला. रुपया मोजत ज्याचा जन्म गेला, त्याला हे घर पाहून काय वाटले असेल ते सांगायला नको. जवळच प्रिमरोज हिलची टेकडी आहे. तिच्या माथ्यावरून अर्धे लंडन दिसते, तेही फुकट. सौभाग्यवतींची उंचीची भीती तिथे पार पळाली.

आणि पुढचे दोन दिवस आम्ही कुठेच गेलो नाही. खरे सांगायचे तर माझे लंडन मी त्या दोन दिवसांत पाहिले. नातवाला शाळेत पोहोचवले, बसथांब्यावर मुलाची वाट पाहिली, कोपऱ्यावरच्या दुकानातून कोथिंबीर आणली. सूनबाई कामाच्या दोन फोनांच्या मध्ये ओट्याशी उभ्या-उभ्या जेवते, हे तिथे दिसले. मुलगा रात्री जिन्यात दोन मिनिटे थांबून, चेहरा नीट करून मग दार उघडतो, हेही दिसले. राणीच्या वाड्यासमोरच्या छायाचित्रांत हे कुठून येणार? ती छायाचित्रे पाहून आपण गावात सांगत असतो, "पोराचं मस्त चाललंय!"

हीच मुले ढाणकीला येतात तेव्हा आपण काय करतो? पहिल्या दिवशी वावर दाखवतो, कापसाचे बोंड हातात देतो, आठवडी बाजारात मिरवतो. जमले तर पैनगंगेवरचा सहस्रकुंडाचा धबधबा, तोही पाऊसपाणी बरे असेल तर. आपण त्यांना आपले जगणे दाखवतो. ठिकाणे आपोआप त्यात येतात. मग त्यांच्या गावी गेल्यावर आपणच प्रवासी कंपनीचे गिऱ्हाईक होऊन का बसतो?

कुणी म्हणेल, एवढा खर्च करून जायचे आणि कोथिंबीर आणायची? टॉवर पाहू नये असे मी म्हणत नाही. दिवसाला एक ठिकाण पुरे, आणि त्यातली निम्मी तरी आपल्या आयुष्याला कुठे तरी चिकटणारी असावीत. कापूसवाल्याने कापडाचे दालन पाहावे, मास्तरने शाळा पाहावी. तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयांतल्या कायमच्या दालनांना २००१ पासून फी नाही, तेव्हा गुणाकाराचीही धास्ती नको. उरलेले दिवस मुलाच्या घराचे.

बँकेत एक गोष्ट शिकलो. खात्यात शिल्लक किती आहे ते आधी पाहावे, मग धनादेश लिहावा. पाहुण्याचा व्हिसा एका खेपेला साधारण सहा महिन्यांचा. आपले गुडघे किती खेपांचे, ते ज्याचे त्याला ठाऊक. शिल्लक फार नाही. म्हणून तिकीट काढण्याआधी मुलाला एकदा मोकळेपणाने कळवावे की, बाळा, लंडन थोडे कमी दाखव, तू कसा राहतोस ते जास्त दाखव. आणि आपण गावातल्यांनीही परतलेल्या माणसाला पहिला प्रश्न बदलून विचारावा, "पोरं कशी आहेत?"