उखाण्यात नाव कोणाचंही चालेल!

मंडळी, संक्रांत ते रथसप्तमी म्हणजे हळदीकुंकवाला खेळ घेणाऱ्यांचा सीझन. पण बोरिवली असो की मुलुंड, सुरुवात ठरलेली: "चला, नवऱ्याचं नाव घ्या!" ज्यांचा नवरा नाही किंवा ज्यांनी लग्नच केलं नाही, त्या तिथेच खेळाबाहेर. मग त्या किचनमध्ये तिळगूळ भरत बसणार. हे मला पटत नाही आणि धंद्यालाही परवडत नाही. पुढची ऑर्डर त्यांच्याकडूनही येऊ शकते ना? २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. मग अंधेरीत माइक हातात घेऊन आपण मागे का?

उखाणा जरूर ठेवा, पण नाव आईचं, मैत्रिणीचं, स्वतःचंही चालेल म्हणा. गुडघे दुखणाऱ्या काकूंना संगीत खुर्चीत पळवू नका, बसल्या जागी उशी फिरवा. तंबोला तर बेस्ट. तिकिटावर १५च आकडे असतात, ते मोठे छापा आणि प्रत्येक आकडा दोनदा पुकारा. वाणाचं पॅकिंगही तुमच्याकडे असेल, तर सगळ्यांना सारखंच वाण सुचवा.

ऑर्डर घेताना फोनवरच विचारा, "ताई, कोण कोण येणार आहे?" खेळ त्यावरून ठरवा, रेट नंतर सांगा.